मयताच्या नोंदीतून जन्माचा शोध
(चुडावा येथील बुद्ध विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण)



आम्ही गिरणीत राबणारी माणसं. शाळा थोडी झाली, बाकीचं पाळी संपल्यावर वाचून शिकलो. आज एका साध्या कागदाविषयी बोलतो, कारण त्यावाचून आपल्या लेकरांची कामं अडतात.

आजोबा कधी जन्मले, असं घरात विचारा. "रझाकाराच्या वेळी दोन लेकरांचे बाप होते," एवढंच उत्तर मिळतं. गावात कुणी मेलं की परगावच्या सोयऱ्यांना सांगावा पोचवायचा तो आपल्याच वाडवडिलांनी, पायी. ज्यांनी साऱ्या गावाचं मरण सांगितलं, त्यांचा जन्म कुणी लिहून ठेवला नाही.

पण मरण पुष्कळदा लिहिलं गेलं. त्या नोंदीत नाव, तारीख आणि वय असतं. समजा, 1972 साली मयत, वय 60. म्हणजे जन्म 1912 च्या सुमारास. मात्र वय सांगणारा दुःखात असतो. साठ, सत्तर असा ठोक आकडा सांगून मोकळा होतो. म्हणून पाच वर्षं अलीकडे, पाच पलीकडे धरा आणि लेकरांच्या शाळेतल्या दाखल-खारीज रजिस्टरशी ताळा करून पाहा.

ही रीत नवी नाही. तथागतांचं जन्मसाल असंच काढलेलं आहे. बुद्ध संवत महापरिनिर्वाणापासून मोजतात. 1956 साली 2500 वर्षं पुरी झाली ती त्या हिशेबानं. आयुष्य 80 वर्षांचं, म्हणून परंपरा इ.स.पू. 544 च्या मागे 80 वर्षं जाते. पुष्कळ इतिहासकार परिनिर्वाणाचं साल अलीकडं धरतात, तसा जन्मही अलीकडं येतो. मरणाचा आकडा हलला की जन्माचाही हलतो, हे ध्यानात ठेवा. जन्मस्थळ मात्र लुंबिनीच्या अशोकस्तंभानं सांगितलं. एकाच कागदावर सगळं मिळत नसतं.

आता शोधायचं कुठं? अलीकडच्या नोंदी ग्रामपंचायतीत. 1969 च्या कायद्यानं ठरलेली फी भरून कुणालाही उतारा मागता येतो. जुन्या नोंदी तहसीलच्या दप्तरात, कोतवाल बुकात म्हणजे गाव नमुना 14 मध्ये पाहा. निजामाच्या काळातले कागद उर्दूत, साल फसली. त्यात 590 मिळवा. 1357 फसली म्हणजे 1947-48. उर्दू जाणणारा जुना माणूस सोबत न्या. गाव तेव्हा कोणत्या तालुक्यात होतं तेही विचारा. 1 मे 1999 ला हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला, तशी दप्तरंही इकडची तिकडं गेलेली असू शकतात.

जात पडताळणीला 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा मागतात. मयताची नोंद एकटी तिथं पुरत नाही. पण कुठल्या सालचं, कुठल्या गावचं रजिस्टर उघडायचं हे ती दाखवते. ऐन प्रवेशाच्या वेळी धावाधाव करण्यापेक्षा हे आजच करा.

आणखी एक. घरात कुणी गेलं तर 21 दिवसांच्या आत नोंद करा. पूर्ण नाव, बापाचं नाव, खरं वय नीट सांगा. लिहून झालं की वाचून घ्या. म्हातारी माणसं हयात आहेत तोवर त्यांच्याजवळ बसून नावं, गावं वहीत उतरवा. आपल्या नातवंडांना आपला जन्म अंदाजानं शोधायला लागू नये.

एवढं बोलून आम्ही रजा घेतो. जयभीम! नमो बुद्धाय!