ओस घरें आणि एकटीं म्हातारीं माणसें

(सिल्लोड तालुक्यांतील एका गांवीं शेतकरी व कारागीर मंडळींपुढें शाळामास्तरांनीं दिलेलें व्याख्यान)



देशांत माणसें फार झालीं, ही ओरड आपण लहानपणापासून ऐकत आलों. पण माणसांनीं भरलेल्या याच महाराष्ट्रांत कांहीं जिल्हे रिते होऊं लागले, हें फार थोड्यांना ठाऊक आहे. तें आज सांगतों, कारण त्याचा आपल्या म्हातारपणाशीं संबंध आहे.

२००१ च्या खानेसुमारींत रत्नागिरी जिल्ह्यांत १६,९६,७७७ माणसें होतीं. २०११ सालीं तीं १६,१५,०६९ भरलीं. सिंधुदुर्गांतहि तोच प्रकार. सांथ आली नव्हती, कीं दुष्काळ पडला नव्हता. डोंगरउताराचा जमिनीचा तुकडा घराला पुरेना, म्हणून कोंकणचा तरुण पिढ्यान् पिढ्या मुंबईच्या गिरणींत गेला. आधीं तो एकटा जाई व मनिऑर्डर धाडी. पुढें पुष्कळांनीं बायकामुलेंहि नेलीं. २०११ सालीं रत्नागिरींत हजार पुरुषांमागें ११२२ स्त्रिया होत्या. घरचा कर्ता पुरुष कोठें होता, तें यावरून ओळखा. मागें राहिले ते म्हातारे आईबाप.

आपण म्हणाल, हें कोंकणचें झालें. आपला जिल्हा (तेव्हांचा औरंगाबाद) तर त्याच दहा वर्षांत शेंकडा २७ हून अधिक वाढला. खरें आहे. पण ती वाढ कायमची समजूं नका. २०१९-२१ च्या सरकारी पाहणींत महाराष्ट्रांत एका स्त्रीमागें सरासरी १.७ मुलें आढळलीं; पिढीची जागा पिढीनें भरण्यास २.१ लागतात. आपल्याच ओट्यावर मोजा. आजोबांना सहा भावंडें, बापाला चार, आणि तुमच्या घरीं लेकरें दोन. त्यांतला एक वाळूजच्या कारखान्यांत गेला, तर मका सोंगायला, मिरची तोडायला कोण? आणि दुखण्यांत पाणी द्यायला कोण?

कोणी म्हणतात, मग लेकरें वाढवा. असें सांगणाऱ्याला बाळंतपण सोसावें लागत नाहीं. दोन लेकरें नीट वाढविलीं, मुलगी शिकविली, यांत चूक नाहीं. चूक आहे ती म्हातारपणाची तजवीज न करण्यांत. म्हणून तीन गोष्टी सांगतों.

पहिली : जमीन मुलाच्या नांवावर बिनशर्त करून देऊं नका. द्यायचीच तर ‘आईबापांचा सांभाळ करीन’ ही अट दस्तांत लिहून घ्या. ती मोडली, तर २००७ च्या आईबापांच्या निर्वाहाच्या कायद्यानें न्यायाधिकरणाकडे जाऊन बक्षीसपत्र रद्द करून घेतां येतें. अट नसेल, तर ती वाट फार बिकट होते.

दुसरी : मुलगी परक्याचें धन, हें बोलणें सोडा. त्या कायद्यानें आईबापांच्या पोषणाचा भार मुलगा व मुलगी दोघांवरहि आहे. हिंदु वारसा कायद्यानें २००५ पासून वडिलोपार्जित जमिनींत तिचा वांटाहि मुलाइतकाच आहे. भार सांगतां, तर वांटाहि द्या.

तिसरी : पासष्टी गांठलेल्या निराधार माणसांनीं श्रावणबाळ योजनेचा अर्ज तहसिलींत करावा. २०२३ सालीं ती रक्कम महिना १५०० रुपये झाली. थोडी आहे, पण ती भीक नव्हे. ज्यानें जन्मभर नांगर धरला, ऐरण ठोकली, त्याची ती कमाईच आहे.

येत्या ग्रामसभेंत एकट्या म्हाताऱ्यांची यादी करा, आणि रोज सकाळीं कोणाच्या दारीं कोणीं डोकवायचें तें ठरवा. कोंकणांत कितीएक घरांना कुलुपें लागलीं. आपल्या गांवांत अजून माणसें आहेत, तोंवरच हें करून घ्या.