जंग्या : तटाचे डोळे

माणगावहून निजामपूरमार्गे पाचाडला उतरलात की रायगडाची पायवाट धरा आणि महादरवाजापाशी जरा थांबा. दरवाजाच्या दोन्ही अंगांना भक्कम बुरूज आहेत. एक सुमारे ७५ फूट उंच, दुसरा ६५ फूट. त्यांत जी तिरकस भोकं दिसतात, त्यांना म्हणतात जंग्या. एक असली की जंगी.

जंगीचं काम पाहण्यासारखं आहे. आतून ती रुंद ठेवतात, म्हणजे बंदुकीची नळी डावी-उजवीकडे फिरवता येते. बाहेरचं तोंड मात्र अरुंद, त्यामुळे शत्रूला नेम धरायला जागाच उरत नाही. शिवाय तिचा उतार खाली असतो. हा उतार फार महत्त्वाचा, कारण तटाच्या अगदी पायथ्याला येऊन भिडलेला माणूस सरळ भोकातून दिसलाच नसता.

पुष्कळजण जंग्यांनाच चर्या म्हणतात. पण चर्या म्हणजे तटाच्या माथ्यावरचे पाकळीसारखे दगडी उंचवटे. त्यांच्या आडोशाने फांजीवरून, म्हणजे तटावरच्या वाटेवरून, पहारा फिरे.

गडावर गेलात तर जंग्यांत बाटल्या, पिशव्या कृपा करून कोंबू नका. आतल्या बाजूने एकीला डोळा लावा. खालची चढणीची वाट थेट माऱ्यात येते.