चार कागदांची गोष्ट
(वार्षिक संमेलनातील सत्काराला उत्तर)



मानसशास्त्रातील ऑनर्सचा संशोधन-प्रबंध आम्ही पूर्ण केला, म्हणून मंडळाने आज आमचा गौरव केला. आपल्या वसतिगृहातील ४० विद्यार्थ्यांनी परीक्षेच्या तोंडावर आम्हांस एकेक संध्याकाळ दिली नसती, तर तो पुरा होता ना. तेव्हा त्याचा हिशेब येथेच द्यावयास हवा.

ब्लूमा झायगार्निक या विदुषीने बर्लिन येथे केलेले प्रयोग १९२७ साली प्रसिद्ध झाले. कोडी सोडविणे, मणी ओवणे अशी कामे देऊन तिने निम्मी मध्येच थांबविली. लोकांना अपुरी कामे जवळजवळ दुप्पट आठवली. आपल्या मुलांतही तेच दिसेल, असे आमचे गृहीतक होते. ते दिसले नाही! (कोडे हिसकावून घेतल्याचा राग मात्र पुष्कळांच्या स्मरणात होता.)

आता मोकळेपणाने सांगतो. चार जणांचे कागद वगळताच आकडे हवे तसे जुळत होते. एक रात्र आम्ही ते बाजूला काढूनही ठेविले. सकाळी मार्गदर्शक बाईंनी एवढेच विचारले, "वगळण्याचा नियम प्रयोगापूर्वी लिहिला होता का?" तो लिहिला नव्हता. मग त्यांनी २०१५ सालची हकीकत सांगितली : मानसशास्त्रातील १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा सुमारे ३६ टक्केच संख्याशास्त्राच्या कसोटीस उतरले.

आम्ही कागद परत ठेविले आणि 'फरक आढळला नाही' असे लिहिले. प्रबंधाची एक प्रत वसतिगृहाच्या वाचनालयात आहे. ते चार कागदही परिशिष्टात आहेत, अर्थात नावे गाळून.