मतदारसंघ माझ्या मागे आला, नाव मात्र आलं नाही

(राष्ट्रीय मतदार दिनी, २५ जानेवारी २०२५ रोजी, रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत सोसायटीच्या गच्चीवर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कमिटीनं मला सांगितलं, "सर, तुम्ही आयुष्यभर इलेक्शन ड्यूटी केली, आपल्या मतदारसंघाचा इतिहास सांगा. पण राजकारण नको." मी म्हटलं, निवडणुकीचा इतिहास सांगायचा आणि राजकारण नको, म्हणजे लग्नाचं वर्णन करायचं आणि नवरा-नवरीचं नाव घ्यायचं नाही! तरी प्रयत्न करतो. कोणाला मत द्यावं हे मी सांगणार नाही. मत कुठे पडतं, एवढंच सांगणार आहे.

सन २००० मध्ये आपण इथे राहायला आलो तेव्हा सातारा हे गाव होतं. ग्रामपंचायत होती. खंडोबाच्या यात्रेला शहरातले लोक यायचे आणि परत जायचे. बीड बायपासच्या या बाजूला प्लॉट घेतला म्हणून माझ्या सासऱ्यांनी मला वेड्यात काढलं होतं. मी त्याआधी गुलमंडीच्या बाजूला, जुन्या शहरात भाड्याच्या घरात राहायचो. ते घर तेव्हाच्या औरंगाबाद पश्चिम मतदारसंघात होतं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता इतिहास. आपल्याकडे महानगरपालिका झाली १९८२ ला आणि तिची पहिली निवडणूक झाली १९८८ ला. त्या निवडणुकीत चंद्रकांत खैरे नगरसेवक झाले आणि १९९० ला औरंगाबाद पश्चिममधून शिवसेनेचे आमदार झाले. १९९५ ला पुन्हा तेच. तेव्हा मी मतदान केंद्रावर असायचो. कागदी मतपत्रिका, रबरी शिक्का आणि ती लोखंडी पेटी. पेटीला सील करताना लाख हातावर सांडायची.

१९९९ ला एक गंमत झाली. लोकसभा आणि विधानसभा एकाच वेळी आल्या. खैरे लोकसभेला उभे राहिले आणि खासदार झाले. पण त्यांनी सोडलेली पश्चिमची आमदारकी काँग्रेसच्या राजेंद्र दर्डांकडे गेली. २००४ ला पुन्हा दर्डाच. म्हणजे एकाच शहरानं एकाच वेळी दिल्लीला एक पक्ष पाठवला आणि मुंबईला दुसरा. मतदाराला कळत नाही असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

मग आली मतदारसंघांची फेररचना. २००१ ची जनगणना धरून २००८ मध्ये नवा नकाशा लागू झाला आणि २००९ ची विधानसभा त्यावर झाली. शहराचे तीन मतदारसंघ झाले. क्रमांक १०७ मध्य, १०८ पश्चिम, १०९ पूर्व. जुनं शहर बरंचसं 'मध्य'मध्ये गेलं. 'पश्चिम' हे नाव तेच राहिलं, पण आतला मुलूख बदलला. उस्मानपुरा, कांचनवाडी, नक्षत्रवाडी, आपला सातारा परिसर, तिकडे कामगारांचं बजाजनगर. थोडक्यात, शहराच्या कडेकडेनं जिथे घरं उठत होती तो भाग. बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ ला सुरू झाला आणि त्याच्यामागे किती गावांची माणसं इथे आली, हे तुम्हाला सांगायला नको. आपल्या सोसायटीतच जालना, बीड, परभणी, बुलढाणा, सगळे जिल्हे आहेत.

त्याच फेररचनेत पश्चिम मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव झाला. तेव्हा काही लोकांनी मला विचारलं, "सर, मग आपण मत द्यायचं की नाही?" हसू नका, खरंच विचारलं होतं. राखीव म्हणजे उमेदवार अनुसूचित जातीचा असतो, मतदार सगळेच असतात. महाराष्ट्रात २८८ पैकी २९ जागा अशा आहेत. आणि हे आरक्षण सरपंचपदासारखं फिरत नाही. पुढची फेररचना होईपर्यंत तेच राहतं.

२००९ ला शिवसेनेचे संजय शिरसाट निवडून आले. तेही आधी नगरसेवकच होते. २०१४ ला युती तुटली, भाजपचे मधुकर सावंत समोर होते आणि फरक राहिला जेमतेम सात हजारांचा. २०१९ ला युती होती, पण भाजपचे राजू शिंदे बंडखोरी करून अपक्ष उभे राहिले, फरक चाळीस हजारांच्या पुढे गेला. नंतर शिवसेनेचे दोन भाग झाले. परवाच्या नोव्हेंबरमध्ये तेच राजू शिंदे मशाल घेऊन आले, शिरसाट धनुष्यबाणावर होते, आणि फरक सोळा हजारांच्या आसपास. म्हणजे सलग चार वेळा एकच आमदार, पण २०१४ पासून प्रत्येक वेळी मुख्य स्पर्धक मित्रपक्षाच्या अंगणातून आलेला. तीन निवडणुका, तीन वेगळी गणितं.

राजू शिंदेसुद्धा महापालिकेत उपमहापौर राहिलेले. खैरे नगरसेवक, शिरसाट नगरसेवक, शिंदे नगरसेवक. दर्डा सोडले तर इथे आमदारकीचा रस्ता वॉर्डातून जातो. असं का, याचा मी बराच विचार केला. मला वाटतं याचं उत्तर आपल्या नळात आहे. म्हणजे नळ नाही, त्यात आहे.

हिशेब करून पाहू या. आपण आलो तेव्हा ग्रामपंचायत. २०१४ ला सातारा-देवळाई नगरपरिषद झाली. ती जेमतेम वर्षभर टिकली. २०१५ ला आपण महापालिकेत गेलो, पण तोवर महापालिकेची निवडणूक होऊन गेली होती. म्हणून २०१६ ला सातारा आणि देवळाई या दोन वॉर्डांचं वेगळं मतदान झालं, ११३ चे ११५ नगरसेवक झाले. एप्रिल २०२० ला सभागृहाची मुदत संपली. तेव्हापासून प्रशासक. आज जानेवारी २०२५. पाच वर्षं होत आली.

म्हणजे मंडळी, आपल्या सोसायटीच्या पंचवीस वर्षांत आपल्याला नगरसेवक होता चार वर्षं. दार तेच, उंबरठा तोच, पण आपण कधी ग्रामपंचायतीचे, कधी नगरपरिषदेचे, कधी महापालिकेचे. या सगळ्यात न चुकता पाच वर्षांनी आलेलं स्थानिक मत एकच, आमदाराचं. म्हणून आपण आमदाराकडे ड्रेनेज मागतो, पथदिवा मागतो, टँकर मागतो. विधानसभेत कायदे होतात, पण या भागातला माणूस बटण दाबताना अंगणातला खड्डा बघून दाबतो. त्यात त्याची चूक नाही. दुसरं बटणच त्याला दिलेलं नाही.

शहराच्या नव्या पाणी योजनेचं भूमिपूजन डिसेंबर २०२० ला झालं. योजना १६८० कोटींची होती, ती २७४० कोटींवर गेली. हा सगळा काळ प्रशासकाचा. सभागृहात उभं राहून "साताऱ्याचं काय?" असं विचारणारा आपला कोणी नव्हता.

आता जरा माझ्याबद्दल सांगतो. हे सांगायला मला लाज वाटते, पण त्यासाठीच मी आज उभा राहिलो आहे.

मी शिक्षक. १९९० पासून जवळजवळ प्रत्येक निवडणुकीला ड्यूटी. ड्यूटीवरच्या माणसाचं मत पोस्टल बॅलटनं जातं. जुन्या कार्डावरचा यादी भाग, अनुक्रमांक लिहायचा आणि अर्ज द्यायचा. वर्षानुवर्षं मी तेच आकडे लिहित गेलो. केंद्रावर हजारो लोकांची नावं मी तपासली असतील. "काका, तुमचं नाव या यादीत नाही, तुम्ही घर बदललं तर नाव बदलायला नको का?" असं किती जणांना सुनावलं असेल!

२०१३ ला निवृत्त झालो. ऑक्टोबर २०१४ ची विधानसभा ही माझी पहिली ड्यूटीशिवायची विधानसभा निवडणूक. मी आणि बायको सकाळी सात वाजता इथल्या शाळेत रांगेत. बायकोचं नाव होतं, तिनं स्वतः खटपट करून २००२ मध्येच बदलून घेतलं होतं. माझं नाव नव्हतं. टेबलामागची मुलगी माझीच विद्यार्थिनी निघाली. ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "सर, तुमचं नाव नाही हो इथे."

दुपारी स्कूटर काढली आणि जुन्या शहरात गेलो. तिथे नाव होतं. चौदा वर्षांपूर्वीचा पत्ता, तरुणपणीचा फोटो. पण ते घर आता 'पश्चिम'मध्ये नव्हतं, 'मध्य'मध्ये होतं. आणि मी राहायला आलो तो सातारा 'पश्चिम'मध्ये आला होता. मतदारसंघ माझ्या मागे आला, नाव मात्र आलं नाही! मी तिथे मत दिलं. ते बरोबर केलं नाही, हेही सांगतो. जिथे राहतो तिथेच नाव असावं हा नियम मला पाठ होता. ज्या उमेदवारांपैकी एकाला मी निवडलं, त्यांच्यातल्या कोणाचाही माझ्या दारातल्या रस्त्याशी संबंध नव्हता. घरी आल्यावर बायको म्हणाली, "चौदा वर्षं टँकरच्या नावानं ओरडताय, आणि मत गुलमंडीला!" त्यावर मला उत्तर नव्हतं.

पुढच्याच महिन्यात अर्ज भरला. पण ती चौदा वर्षं परत येत नाहीत.

दिवाळीनंतर, म्हणजे नोव्हेंबरच्या मतदानाआधी, सेक्रेटरींनी आणि मी सोसायटीची सभासद यादी आणि मतदार यादी शेजारी ठेवून बसलो. प्रत्येक मजल्यावर एखादं तरी घर असं निघालं जिथे काहीतरी राहिलं आहे. मी नावं घेणार नाही, पण प्रकार सांगतो. एक, नाव अजून गावाकडच्या यादीत. दोन, सूनबाई आठ वर्षांपूर्वी घरात आल्या, नाव अजून माहेरी. तीन, मुलगा पुण्यात हिंजवडीला, नाव इथे, मत कुठेच नाही. चार, मुलगी अठरा पूर्ण होऊन दोन वर्षं झाली, कॉलेजच्या ॲडमिशनला सगळी कागदपत्रं काढली, हे तेवढं राहिलं.

आणि पाचवा प्रकार. एका काकूंना मी म्हटलं, काकांचं नाव कमी करायचा फॉर्म सात नंबरचा आहे, भरून देऊ का? त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "सर, गॅसवरचं गेलं, बँकेतलं गेलं, रेशनकार्डावरचं गेलं. यादीत तरी राहू द्या." मी तो फॉर्म परत पिशवीत घातला. पंधरा दिवसांनी त्या स्वतःच आल्या, म्हणाल्या, "द्या, भरते. ह्यांना खोटं चालायचं नाही."

तुम्ही म्हणाल, पाच-पंचवीस नावांनी काय होतं? २०१९ ची आपली लोकसभा आठवा. निकाल ४४९२ मतांनी लागला. सहा विधानसभा मतदारसंघांत वाटले तर एकेकाच्या वाट्याला साडेसातशे. साडेसातशे म्हणजे एका मतदान केंद्राच्या यादीत मावतील एवढी नावं. परवा आपल्या शेजारी 'पूर्व'मध्ये २१६१ मतांवर निकाल लागला. आपल्यासारख्या सोसायट्या या बायपासला किती आहेत, ते गच्चीवरून दिवे मोजून बघा.

अजून एक. २०२६ नंतरची पहिली जनगणना झाली की पुन्हा फेररचना व्हायची आहे. पुन्हा रेघा बदलतील. कदाचित आपण 'पश्चिम'मध्ये राहू, कदाचित नाही. शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं, तरी मतदारसंघाचं नाव परवाच्या निवडणुकीतही औरंगाबाद पश्चिमच होतं. कागदाची चाल संथ असते. महापालिकेची निवडणूकही कधी ना कधी होणारच. ती जाहीर झाल्यावर धावपळ करून उपयोग नसतो, याद्या आधीच्या धरतात.

आता कामाचं बोलतो. नवीन नाव लावायला फॉर्म ६. घर बदललं असेल, मग ते याच मतदारसंघात असो की दुसऱ्या, तर फॉर्म ८. पूर्वी या दोन गोष्टींना वेगवेगळे फॉर्म होते, २०२२ पासून एकच. अठरा पूर्ण होण्यासाठी आता फक्त १ जानेवारीची वाट बघायची नाही, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर याही तारखा धरतात. मोबाईलवरही भरता येतो, मागच्या मुलांनी तेवढं मोबाईलचं काम करावं आणि आजी-आजोबांना मदत करावी.

चहा खाली वॉचमनच्या खोलीजवळ आहे. तिथेच एक टेबल ठेवलं आहे, फॉर्म आहेत, पेन आहेत, मी बसणार आहे. राहण्याचा पुरावा म्हणून लाईट बिल किंवा आधार घेऊन या. सूनबाईंनी आधी यावं, सासूबाईंनी त्यांना पाठवावं. रांग लागली तर मला आनंदच आहे, आयुष्यभर मी रांगेच्या पलीकडेच बसलो आहे.

सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. शेअर सर्टिफिकेटवर आपली नावं आहेत, खालच्या बोर्डावर आहेत. यादीतही येऊ द्या.

चला, चहा थंड होतोय.