सेवा करणाऱ्यांचें शिक्षण

श्रोतेहो, शिक्षण म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें शाळा, कॉलेज आणि पदवी हीं येतात. पदवी हातीं आली कीं शिक्षण संपलें, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. डॉक्टर किंवा वकील जन्मभर ग्रंथ चाळीत राहिला, तर त्याचें आपणांस नवल वाटत नाहीं. परंतु म्हाताऱ्या माणसाला स्नान घालणाऱ्या, त्याला घांस भरवणाऱ्या, त्याची कूस पालटणाऱ्या बाईलाही दरसाल कांहीं नवें शिकावें लागतें, असें म्हटलें तर पुष्कळांस तें चमत्कारिक वाटेल. आज त्याच गोष्टीविषयीं बोलावयाचें आहे.

अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया राज्यांत 'पर्सनल केअर होम' या नांवाच्या संस्था आहेत. आपण त्यांना परिचर्यागृहें म्हणूं. ज्यांना रुग्णालयाची किंवा शुश्रूषालयाची जरूर नाहीं, पण कपडे घालणें, स्नान, जेवण, औषधाची वेळ सांभाळणें अशा नित्याच्या गोष्टींत ज्यांना दुसऱ्याचा हात लागतो, असे प्रौढ आणि बहुधा वृद्ध स्त्रीपुरुष तेथें राहतात. चालकाशीं नातें नसलेल्या चार किंवा अधिक प्रौढ माणसांना चोवीस तासांहून अधिक काळ जेवण, निवारा व अशी मदत देणाऱ्या घराला सरकारी परवाना घ्यावा लागतो. २००५ सालीं या गृहांसाठीं जी नियमावली अंमलांत आली, तिच्यांत सेवकवर्गाच्या शिक्षणाला मोठें स्थान दिलेलें आहे.

ते नियम थोडक्यांत असे आहेत. आग लागली असतां काय करावयाचें, हें नव्या सेवकाला कामाच्या पहिल्याच दिवशीं समजावून द्यावें लागतें. पहिल्या चाळीस तासांच्या कामाच्या आंत त्याला रहिवाशांचे हक्क, एकाएकीं दुखणें उद्भवल्यास करावयाची व्यवस्था आणि वृद्धाचा छळ होत असल्याची शंका आल्यास ती कोठें कळवावयाची, हें शिकवावें लागतें. प्रत्यक्ष काम करून दाखविल्यावांचून, ठरलेला अभ्यासक्रम पुरा केल्यावांचून आणि परीक्षा उतरल्यावांचून त्याला एकट्यानें कोणाची अंगसेवा करतां येत नाहीं. येथवरचें शिक्षण प्रवेशाचें झालें. यापुढें दरवर्षीं प्रत्येक सेवकाला १२ तासांचें शिक्षण घ्यावें लागतें. स्मृतिभ्रंश झालेल्या रहिवाशांच्या बंदिस्त विभागांत जो काम करतो, त्याला त्या विषयाचे आणखी ६ तास असतात. व्यवस्थापकाला आरंभीं १०० तासांचा अभ्यासक्रम आणि पुढें दरसाल २४ तास, असा नियम आहे.

आतां सहज प्रश्न उद्भवतो कीं, जें काम घरोघरच्या सुना आणि लेकी पिढ्यान् पिढ्या न शिकतां करीत आल्या, त्याला एवढें शिक्षण कशाला? मायेनें केलेल्या सेवेंत काय उणें असतें? या प्रश्नाचा अनादर करूं नये. माया हीच सेवेचा पाया आहे. परंतु मायेला शरीराचे नियम आपोआप कळत नाहींत. यासाठीं एकच उदाहरण घेऊं.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पाठीवर, कमरेशीं किंवा टाचेला ज्या जखमा होतात, त्यांना आपण बेडसोअर म्हणतों. हाड आणि गादी यांच्यामध्यें कातडी दाबली जाते, तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा प्रवाह अडतो, आणि रक्त न मिळाल्यामुळें तो भाग आंतून मरूं लागतो. पूर्वीं अशी जागा लाल दिसली कीं ती स्पिरिट लावून चोळावी, असें परिचारिकांना शिकवीत असत, आणि रोग्याला हवा भरलेल्या रबरी कड्यावर बसवीत असत. दोन्ही उपाय दयाबुद्धीनेंच केले जात. परंतु चोळल्यानें आंतील दुखावलेले भाग अधिकच दुखावतात, आणि कड्याचा कांठ सभोंवार दाबला गेल्यामुळें मधल्या भागाचा रक्तप्रवाह उलट कमी होतो, असें पुढें दिसून आलें, आणि आज हे दोन्ही उपाय करूं नयेत असें सांगतात. दर दोन तासांनीं कूस पालटावी, हा जुना नियमही आतां सरसकट लावीत नाहींत. माणसाची कातडी, त्याची हालचाल आणि त्याची गादी पाहून वेळ ठरवितात. सांवळ्या किंवा काळ्या वर्णाच्या माणसाच्या अंगावर लाली लवकर दिसत नाहीं. तेथें हात लावून ऊब आणि कठीणपणा पाहावा लागतो. वीस वर्षांपूर्वीं मन लावून शिकलेली, पण त्यानंतर कांहींच न शिकलेली सेविका आज प्रामाणिकपणें चुकीचें काम करीत असेल. तिचा दोष एवढाच, कीं तिला पुन्हां कोणीं शिकविलें नाहीं.

दुसरें उदाहरण याहून गंभीर आहे. अमेरिकेंतील शुश्रूषालयांत एके काळीं भ्रमिष्ट वृद्धांना खुर्चीला किंवा पलंगाला पट्ट्यांनीं बांधून ठेवण्याची चाल होती. 'पडूं नयेत म्हणून' असें तिचें समर्थन करीत. बांधलेल्या माणसाचे स्नायू दुबळे होतात, त्याला जखमा होतात, सुटण्याच्या धडपडींत कधीं गळा आवळला जातो. आणि मनाची जी विटंबना होते ती वेगळीच. १९८७ सालीं तेथील संघसरकारानें शुश्रूषालयांसाठीं कायदा करून, शिस्तीसाठीं किंवा सेवकांच्या सोयीसाठीं बांधलें न जाण्याचा हक्क रहिवाशांना दिला, आणि त्याच कायद्यानें परिचर्या-साहाय्यकांना निदान ७५ तासांचें शिक्षण सक्तीचें केलें. या दोन गोष्टी एकाच कायद्यांत याव्यात हें योग्यच झालें. दोर सोडावयाचा तर त्याच्या जागीं ज्ञान ठेवावें लागतें. म्हातारा वारंवार कां उठतो, त्याला लघवीला जावयाचें आहे कीं त्याचें कांहीं दुखत आहे, हें ओळखावयास सेवक शिकला, तरच दोराची जरूर उरत नाहीं.

पेन्सिल्व्हेनियाच्या नियमावलींत वार्षिक शिक्षणाचे जे विषय आहेत, त्यांत स्मृतिभ्रंश, स्वच्छता व संसर्ग, शय्याव्रण, कुपोषण, शरीरांतील पाणी कमी होणें, पडणें व अपघात, आणि रहिवाशांचे हक्क हे येतात. पाण्याचाच विषय पाहा. वाढत्या वयांत तहानेची जाणीव मंद होते; शिवाय रात्रीं उठावें लागेल या भीतीनें कित्येक म्हातारीं माणसें मुद्दाम पाणी पीत नाहींत. मग एके दिवशीं आजीबाई असंबद्ध बोलूं लागतात आणि 'वयच झालें' म्हणून सर्वजण गप्प बसतात. शिकलेली सेविका गप्प बसत नाहीं. एकाएकीं आलेला गोंधळ हें म्हातारपण नव्हे, तें पाण्याच्या अभावाचें किंवा एखाद्या संसर्गाचें लक्षण असूं शकतें, हें तिला ठाऊक असतें, आणि ती डॉक्टरला कळविते. स्मृतिभ्रंश झालेला गृहस्थ स्नानाच्या वेळीं हात उगारतो, तेव्हां तो दुष्ट झालेला नसतो. अपरिचित माणूस आपले कपडे कां काढीत आहे हें त्याला समजत नसतें. समोरून जावें, नांव घेऊन बोलावें, एका वेळीं एकच गोष्ट सांगावी, अंगावर पंचा राहूं द्यावा, हें सारें शिकवितां येतें, आणि शिकलें म्हणजे दोघांचाही त्रास वांचतो.

परंतु श्रोतेहो, नियम झाला म्हणजे शिक्षण झालें असें नव्हे. कायद्याला तास मोजतां येतात. समज मोजतां येत नाहीं. बारा तासांची हजेरी सह्यांनीं भरून काढणें कठीण नसतें. खोलींत चित्रफीत चालू आहे, रात्रपाळी करून आलेल्या सेविका डुलक्या घेत आहेत, आणि शेवटीं प्रत्येकीला प्रमाणपत्र मिळत आहे, असें शिक्षण रहिवाशाच्या पाठीवरची एकही जखम टाळणार नाहीं. पेन्सिल्व्हेनियाच्या नियमांत या बारांपैकीं सहा तास प्रत्यक्ष काम करतांना दिलेल्या शिक्षणाचे धरतां येतात. ही सवलत मला फार मोलाची वाटते. उचलून बसविण्याची रीत पलंगापाशींच शिकावी लागते; ती फळ्यावर काढून दाखवितां येत नाहीं. याच दृष्टीनें तेथें दर महिन्यास पूर्वसूचना न देतां आगीची रंगीत तालीम घ्यावी लागते.

दुसराही एक इशारा दिला पाहिजे. शिक्षण हें मनुष्यबळाची उणीव भरून काढीत नाहीं. त्याच नियमावलीनें हिंडत्याफिरत्या रहिवाशामागें दिवसाला निदान १ तास आणि ज्याला हालचालीस मदत लागते त्याच्यामागें २ तास सेवेचें प्रमाण घालून दिलें आहे. कूस केव्हां पालटावी हें जाणणाऱ्या सेविकेला पालटावयास वेळच नसेल, तर तिचें ज्ञान तिला केवळ खंत देईल. पगार अपुरा असला कीं माणसें टिकत नाहींत, आणि शिकविलेलें ज्ञान त्यांच्याबरोबर दाराबाहेर जातें. म्हणून शिक्षणाचे तास हे पगारी तास असावेत, आणि शिकलेल्याला त्याचें फळ वेतनांत दिसावें, ही मागणी न्याय्य आहे.

आपल्याकडे हा प्रश्न आतां दाराशीं आलेला आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यांत प्रत्येक जिल्ह्यांत निदान दीडशें निराधार वृद्धांची सोय होईल अशा वृद्धाश्रमाची कल्पना आहे. पुण्यामुंबईच्या कितीतरी घरांत ब्यूरोमार्फत आलेल्या मावशी आईवडिलांना सांभाळतात, आणि मुलें परदेशांतून फोनवर विचारपूस करतात. मावशी वेळेवर येतात ना, हातानें स्वच्छ आहेत ना, एवढें आपण विचारतों. त्यांना कोणीं कधीं शिकविलें, आणि शेवटचें केव्हां, हें मात्र आपण विचारीत नाहीं. वृद्धाश्रम पाहावयास गेलों तर बाग आणि जेवणघर पाहतों. सेवकांच्या शिक्षणाची वही पाहावयास मागत नाहीं.

ती मागावयास आरंभ केला पाहिजे. आणि घरीं येणाऱ्या मावशींना डॉक्टरांच्या भेटीच्या वेळीं बाहेर न पाठवितां शेजारीं उभें करावें; जें डॉक्टर आपणांस सांगतात, तें त्यांनाही ऐकूं द्यावें, आणि त्यांना काय दिसलें तेंही विचारावें. दिवसाचे बारा तास रोग्यापाशीं त्या असतात, डॉक्टर दहा मिनिटें असतो. ज्याच्या हातीं आपण आपलीं जन्मदातीं माणसें सोंपवितों, त्याला शिकविणें हा त्याच्यावर उपकार नव्हे; तें आपलें कर्तव्य आहे.