भट्टीच्या भिंतीतील साक्षीदार



पारशिवनीहून पूर्वेस, शेजारच्या रामटेक तालुक्यात, मनसर आणि कांद्रीच्या मँगनीज खाणी आहेत. मँगनीजवाचून पोलाद होत नाही. म्हणून भट्टीच्या भिंतीचा विषय या भूमीला परका नव्हे.

झोतभट्टीत वितळलेल्या लोहरसाचे तापमान सुमारे १,५०० अंश सेल्सिअस असते. हा रस आणि बाहेरचे पोलादी कवच यांच्यामध्ये असते ते अग्निरोधक विटांचे अस्तर. ते झिजते, पण किती झिजले, हे आत डोकावून कोण पाहणार? अस्तर अकाली बदलावे तर धडधाकट भट्टी थांबवावी लागते. विलंब करावा तर रस कवच फोडून बाहेर येतो आणि पहिला घास घेतो तो तेथे उभ्या असलेल्या कामगाराचा.

यावर शास्त्रज्ञांनी योजलेला उपाय मोठा विलक्षण आहे. अस्तर बांधतानाच निरनिराळ्या खोलीवर कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूचे सूक्ष्म तुकडे विटांत बसवायचे. त्यांचे गॅमा किरण वीट आणि कवच भेदून बाहेर येतात. गणकयंत्र त्यांची नोंद घेते. एखाद्या जागेची नोंद एकाएकी थांबली, की तेथवरची वीट गेली असे समजावे. कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य ५.२७ वर्षे असल्याने नोंद मुळातच हळूहळू क्षीण होते. तेवढी वजावट हिशेबात धरावी लागते.

पण तो तुकडा जातो कोठे? मळीत नव्हे, थेट लोखंडात! म्हणून तो इतका अल्प हवा, की शेकडो टन धातूत विरल्यावर त्याचा उपद्रव उरू नये. सारी मदार या गणितावर आहे. भारतात अशा स्रोतांच्या वापरावर १९८३ साली स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियंत्रण आहे.

२००८ साली भारतातून गेलेल्या पोलादी भागांमुळे फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० सापडले. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत भंगारात आलेल्या स्रोताने एकाचा बळी घेतला. दोन्ही ठिकाणी भट्टीच्या अस्तराचा संबंध नव्हता. परंतु पोलादातील किरणोत्साराविषयी जग सावध झाले, ते योग्यच. आता अस्तराची खबर मुख्यतः थर्मोकपल आणि उष्णतेच्या गणितावरून घेतली जाते.

तरीही जेथे असे तुकडे बसवले, तेथे कोणत्या विटेत काय आहे याची वही भट्टीइतकीच जपावी लागते. जुने अस्तर फोडताना उरलेला प्रत्येक तुकडा त्या वहीशी ताडून शोधायचा असतो. शेवटचा हाती लागेपर्यंत विटांचा राडारोडा फाटकाबाहेर जाऊ द्यायचा नसतो.