दोन कड्यांमधला आडणा



डोळ्यात कुसळ गेलं की डोळ्यांचे डॉक्टर एक नारिंगी कागदी पट्टी ओली करून पापणीच्या आत टेकवतात आणि निळा दिवा लावतात. बुबुळावर ओरखडा असला, तर तेवढाच हिरवा चमकतो. त्या पट्टीवर असतं फ्लुओरेसीन.

१८७१ साली रसायनशास्त्रज्ञ अडॉल्फ फॉन बायर यांनी ते प्रथम बनवलं. थॅलिक अनहायड्राइडच्या एका रेणूला रिसॉर्सिनॉलचे दोन. सुटणारं पाणी ओढून घ्यायला थोडं झिंक क्लोराइड. मिश्रण १८० अंशांच्या आसपास तापवलं की वितळतं, काळपट लाल होतं आणि थंड झाल्यावर चंबूच्या बुडाला असं घट्ट बसतं, की करपलेला गुळाचा पाक परवडला! पण त्यातला एक कण सोड्याच्या पाण्यात विरघळवून बादलीत टाका. सारी बादली हिरवी उजळते. जास्त टाकलंत तर मात्र चमक उलट मंदावते.

बायर यांनी रिसॉर्सिनॉलऐवजी साधं फिनॉल घेतलं, तेव्हा मिळालं फिनॉल्फथॅलीन. शाळेत ब्युरेटखाली गुलाबी होतं ना, तेच. रंग आहे, पण चमक नाही. फरक आहे एका ऑक्सिजनचा. फिनॉल्फथॅलीनच्या रेणूतली कार्बनची कडी मोकळी. प्रकाशातून मिळालेली ऊर्जा ती हलण्याडुलण्यात उधळून टाकतात. फ्लुओरेसीनमध्ये दोन कड्यांमध्ये ऑक्सिजनचा आडणा पडलेला असतो. हलायला जागाच नाही. मग ऊर्जा प्रकाश होऊनच बाहेर पडते: निळा घेतला, हिरवा दिला, मधल्या मधे थोडी दलाली गेली, एवढंच.

१८७७ मध्ये हा रंग डॅन्यूब नदीत ओतला गेला. जर्मनीतल्या इमेंडिंगेनजवळ जमिनीत गडप होणारं तिचं पाणी सुमारे ६० तासांनी आखच्या झऱ्यातून हिरवं होऊन वर आलं. पेशींपर्यंत पोचायला मात्र या रंगाला आणखी बरीच वर्षं लागली. तिथे नुसता रंग पुरत नाही, त्याला आकडा लागतो. हार्वर्डमध्ये आल्बर्ट कून्स आणि सहकाऱ्यांनी फ्लुओरेसीनला आयसोसायनेटचा आकडा लावून ते अँटिबॉडीला अडकवलं आणि १९४२ मध्ये ऊतींमधले न्यूमोकॉकस जंतूचे अंश सूक्ष्मदर्शकाखाली उजळून दाखवले.

फ्लुओरेसीनच्या चुलतभावात, ऱ्होडामीनमध्ये, रसायनशास्त्रज्ञ आता तो आडणाच बदलतात. ऑक्सिजन काढून सिलिकॉन बसवला की प्रकाश गडद लाल होतो. पेशी पाहताना याचा फायदा होतो: निळ्याच्या माऱ्याने जिवंत पेशी लवकर थकते. लाल ती बराच वेळ सोसते.